'भारी होतं, रडलो, शेवट बकवास', याच्यापुढे वहीत काय लिहायचं?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं हा लिहायचं कसं ते विचारतोय, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की नाही बाबा, आत दुसरंच काहीतरी आहे. तुझं म्हणणं थोडक्यात असं: तू नववीत, भांडुपला राहतोस, फँटसी आणि टीनएजवाली पुस्तकं ढिगाने वाचतोस, पुस्तक संपलं की एका वहीत त्याबद्दल लिहितोस, पण मागची पानं चाळली तर सगळीकडे तेच तेच, भारी होतं, रडलो, शेवट बकवास. मध्ये एका मालिकेच्या तिसऱ्या भागात तुझं लाडकं पात्र मेलं तेव्हा तू रात्री रडलास आणि दादाने बघून घरभर दवंडी पिटली. त्याच मालिकेचा शेवट अख्ख्या वर्गाने डोक्यावर घेतलाय आणि तुला तो अजिबात पटलेला नाही. वर पप्पा म्हणतात की हे वाचन म्हणजे अभ्यासापासून पळणं आहे. आणि मग सगळ्यात शेवटी तू विचारतोस, रिअ‍ॅक्शन नीट कशी लिहायची.

आता गंमत बघ, तुझ्या एवढ्याशा मजकुरात 'असं वाटणं नॉर्मल आहे का' हे तीनदा आलंय आणि 'लिहायचं कसं' हे एकदाच. म्हणजे तुला भीती ही आहे की आपल्याला जे वाटलं ते चुकीचं वाटलं की काय, बालिश वाटलं की काय, म्हणून तू वहीत पण जपून लिहितोस, म्हणून ते सगळं एकसारखं होतंय. तर लिहिण्याचं नंतर बघू, आधी वाटण्याचं बघू.

माझं सांगते. दादर पश्चिमेला आमची छोटी लायब्ररी आहे, एक गाळा आणि त्यावर पोटमाळा, पोटमाळ्यावर मुलांची पुस्तकं, पंखा फक्त खाली. २३ वर्षं मी त्या काउंटरवर बसतेय. मी सायकॉलॉजिस्ट नाही आणि समीक्षक तर नाहीच नाही, पण पुस्तक परत देताना मुलं काय बोलतात आणि मुख्य म्हणजे काय बोलत नाहीत हे इतकी वर्षं बघितलंय. सुरुवातीला मी एक घोळ घातला होता तो आधी कबूल करते. एक मुलगा होता पाचवी-सहावीतला, डोळे लाल करून पुस्तक परत द्यायला आला, मी हसून म्हटलं, अरे गोष्टच आहे ती, खरं थोडीच आहे. तो पुढे दोन वर्षं येत होता बरं का, दर शनिवारी, पुस्तक सरकवायचा, नवीन घ्यायचा, जायचा. पण कुठल्याही पुस्तकाबद्दल त्याने माझ्याशी परत एक अक्षर काढलं नाही. तेव्हापासून ते वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही.

त्याऐवजी एक वेगळी सवय लावली. आमच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखेचे शिक्के मारायचा कागद चिकटवलेला असतो, त्याच्या मागच्या बाजूला मुलांनी पेन्सिलने फक्त पान नंबर लिहायचा. कुठलं पान? तर जिथे पोटात काहीतरी झालं ते. रडू आलं, राग आला, पुस्तक आपटावंसं वाटलं, लाज वाटली, काहीही. नाव नको, कारण नको, नुसता आकडा. बऱ्याच जणांना हा माझा बावळटपणा वाटतो, पण मुलं लिहितात, आणि त्यातून मला एक गोष्ट कळली ती अशी की आपण ज्या प्रसंगावर रडलो असं आपल्याला वाटतं तो प्रसंग बऱ्याचदा तो नसतोच.

उदाहरण देते. हॅरी पॉटरचा पाचवा भाग वाचला नसशील तर हा परिच्छेद सोड, कारण मी फोडणार आहे. २००३ साली आलेलं पुस्तक, मालिकेतलं सगळ्यात जाडजूड, ३८ प्रकरणं. त्यात सिरियस, म्हणजे हॅरीचा गॉडफादर, जातो ३५व्या प्रकरणात, आणि जातो म्हणजे कसा, एक मंत्र लागतो, कमानीवर लटकणाऱ्या फाटक्या पडद्याच्या मागे तो कोसळतो आणि संपलं. प्रेत नाही, शेवटचे शब्द नाहीत, रडायला जागाच ठेवलेली नाही. मुलं सांगतात की आम्ही मागे जाऊन परत वाचलं, वाटलं काहीतरी सुटलं. पण आमच्या कॉपीतले पेन्सिलचे आकडे बघितले तर त्या पानाचे दोन-तीनच, जास्तीत जास्त आकडे अगदी शेवटच्या प्रकरणातले. तिथे हॅरीला ट्रंकेच्या तळाशी एक पुडकं सापडतं, सिरियसनेच सुट्टी संपताना हातात कोंबलेलं, आणि हॅरीने तेव्हा ठरवून न उघडलेलं. आत एक आरसा. जोडीतला दुसरा सिरियसकडे, म्हणजे नाव घेतलं असतं की समोरासमोर बोलता आलं असतं. हॅरी नाव घेतो, आरशात त्याचंच तोंड. आमची एक मेंबर तेव्हा सातवीत होती, नियम मोडून तिने आकड्यापुढे दोन शब्द लिहिले होते: 'उघडायचं ना'. मी तिला विचारलं, कोणाला ओरडतेयस, हॅरीला? तर म्हणाली, हो, पण मी पण विसरले होते ना ते पुडकं.

हे ऐकून मी गप्पच झाले. कारण बरोबर तेच आहे. ते पुडकं दिलंय २४व्या प्रकरणात, मध्ये १३ प्रकरणं गेलीत, परीक्षा झाल्यात, भांडणं झालीत, आणि लेखिकेने ते आपल्याला विसरायला लावलंय. त्यामुळे आरसा निघतो तेव्हा हॅरीची चूक आपली पण असते. ती मुलगी 'सिरियस मेला म्हणून रडले' असं लिहू शकली असती आणि ते काही खोटं नव्हतं, पण पान शोधल्यावर जे निघालं ते पुस्तकाबद्दल पण होतं आणि तिच्याबद्दल पण होतं.

तर तू आधी एवढंच कर. वहीत 'रडलो' लिहिलंयस ना, त्या पुस्तकात परत जा आणि पान शोध. ओळ सापडली तर अजून उत्तम. मग ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरव आणि खाली एकच प्रश्न लिही, हीच का? त्याच्या आधीच्या पानावर का नाही? उत्तर लगेच येणार नाही, दोन दिवसांनी आंघोळ करताना येईल.

आणि दादाचं काय करायचं म्हणशील तर त्याला शेरलॉक होम्सची गोष्ट सांग. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉईलने कंटाळून होम्सला धबधब्याच्या कड्यावरून खाली पाठवलं, त्याला स्वतःला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि हा होम्स मध्ये मध्ये येत होता. तर लंडनमधली मोठमोठी, ऑफिसला जाणारी, मिशा पिळणारी माणसं खवळली, ज्या मासिकात त्या गोष्टी छापून यायच्या त्याची वर्गणी लोकांनी बंद केली, लेखकाला शिव्यांची पत्रं गेली. शेवटी दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, डॉईलला होम्स मेलाच नव्हता असं दाखवून त्याला परत आणावा लागला. म्हणजे कागदावरच्या माणसासाठी जीव तुटणं हा काही तुझ्या पिढीने मोबाईलमुळे लावून घेतलेला रोग नाही. दादा आयपीएलच्या फायनलला काय करतो ते पण एकदा बघून ठेव, उपयोगी पडतं.

आता शेवटाबद्दल. तू लिहिलंयस 'शेवट बकवास' आणि वर्गात सगळ्यांना आवडला म्हणून तुला वाटतंय तुझंच काहीतरी चुकतंय. माझ्या अनुभवात 'शेवट बकवास' या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी लपलेली असतात आणि औषध प्रत्येकाचं वेगळं.

पहिलं सोपं, मला हवं होतं ते झालं नाही. ती याच्याऐवजी त्याच्याबरोबर गेली, राज्य भलत्यालाच मिळालं वगैरे. हे वाटायला पूर्ण हक्क आहे तुला, पण ही तुझी इच्छा आहे, पुस्तकाचा दोष असेलच असं नाही. (लव्ह ट्रँगल हा प्रकार मला स्वतःला जाम कंटाळवाणा वाटतो, दोघांपैकी कोणीही मिळाला तरी मला फरक पडत नाही, पण पोटमाळ्यावर यावरून पोरींच्या अक्षरशः मारामाऱ्या झाल्यात.)

दुसरं दुखणं खरं महत्त्वाचं, आणि फँटसीत तर फारच. पुस्तकाने स्वतःचाच नियम मोडला. समज पहिल्या भागात सांगितलंय की जादू वापरली की वापरणाऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, तीन भाग सगळे जपून जपून जादू करतायत, एक म्हातारा त्यापायी मेला पण, आणि शेवटच्या लढाईत हिरो ढीगभर जादू करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टवटवीत. इथे तुला चीड आली तर ती शंभर टक्के पुस्तकाची चूक, कारण फँटसीत काहीही होऊ शकतं असं बाहेरच्या लोकांना वाटतं, वाचणाऱ्याला माहीत असतं की उलट तिथे नियम जास्त कडक लागतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनने १९३९ साली परीकथांवर एक भाषण दिलं होतं त्यात त्याचा मुद्दा हाच होता, की लेखक एक दुसरं जग तयार करतो आणि आपण आत असेपर्यंत ते खरं असतं, कारण ते स्वतःच्या कायद्याने चालतं, आणि ज्या क्षणी अविश्वास वाटला त्या क्षणी आपण परत बाहेर येऊन पडतो. तुझ्या बाबतीत असं काही झालंय का ते तपास. नियम कुठल्या भागात सांगितला आणि कुठे मोडला ही दोन पानं जर तू दाखवू शकलास ना, तर अख्खा वर्ग एकीकडे असला तरी तू हरत नाहीस.

तिसरं दुखणं मुलांना ओळखूच येत नाही. शेवट ठीकठाक असतो, राग असतो तो संपल्याचा. गणपती गेल्यावर घरी आल्या आल्या रिकामं मखर दिसतं ना, आरास तशीच, लाईट तशाच, मध्ये जागा मोकळी. त्यात मखर करणाऱ्याची काय चूक? दोन-तीन महिने ज्या जगात राहिलास तिथून बाहेर पडलास, तर मालिका कितीही चांगली संपली तरी एक आठवडा काहीच गोड लागणार नाही. यावर माझा उपाय म्हणजे लगेच दुसरी मालिका सुरू करायची नाही, चार दिवस काहीतरी फालतू वाचायचं, जुने अंक, कॉमिक्स, काहीही.

यातलं तुझं कुठलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, कदाचित तिन्ही थोडी थोडी असतील. शिवाय तू ते कसं वाचलंस यावर पण बरंच आहे. सिनेमा आधी बघितला असशील तर पात्रांचे चेहरे आयते मिळालेत आणि शेवट माहीत होता, मग रिअ‍ॅक्शन वेगळी येणार. चारशे पानं दोन रात्रींत मोबाईलवर उजेड कमी करून संपवली असतील तर शेवटची शंभर पानं तू वाचलेली नाहीस, गिळलीयस, आणि गिळलेल्याची चव वहीत उतरत नाही. अशा वेळी शेवटची तीन प्रकरणं दिवसाउजेडी परत वाचून बघ, मत बदललं नाही तरी मताला पाय फुटतात.

वर्गाशी मत जुळत नाही म्हणून जो त्रास होतोय त्याबद्दल मला आमच्या लहानपणचा वेताळ आठवतो. १९५२ पासून मराठीत चांदोबा निघायचा, आमच्या घरी जुन्या अंकांचा गठ्ठा होता, आणि त्यातला विक्रम-वेताळ मी आधी वाचायचे. त्यात गोष्ट संपली तरी संपायची नाही, वेताळ विचारायचा, राजा, आता सांग, यातलं कोणाचं बरोबर, आणि उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील. माझा मोठा भाऊ आणि मी राजाचं उत्तर वाचायच्या आधी पान हाताने झाकायचो आणि आपापलं उत्तर द्यायचो, मग भांडायचो. आता विचार केला तर कळतं की राजाचं उत्तर बरोबर म्हणून तो राजा नव्हता काही, तो प्रत्येक वेळी कारण द्यायचा, अमक्याचं बरोबर कारण त्याला ठाऊक होतं आणि तरी त्याने केलं, असं. तुझी वही म्हणजे वेताळाला दिलेलं उत्तर आहे असं धर. 'बकवास' वर वेताळ ऐकणार नाही, तो विचारणार का. आणि मूळच्या वेताळ पंचविशीत सगळ्यात शेवटच्या गोष्टीत राजाला उत्तर सुचतच नाही, तो गप्प राहतो, आणि वेताळ त्यालाही मान देतो. म्हणजे एखाद्या पुस्तकाखाली 'अजून कळलं नाही' लिहून पान कोरं सोडलंस तरी चालेल.

यावरून एक प्रॅक्टिकल गोष्ट, स्टार देणारी अ‍ॅप्स आणि लोकांचे रिव्ह्यू वही लिहून झाल्यावरच उघडायचे. आधी बघितलेस की तुझं मत तिथेच मेलं, तू नकळत त्यांचे शब्द वापरायला लागतोस. आम्ही पान हाताने झाकायचो तसं.

आता भाषा. माझा अंदाज आहे, तू पुस्तकं इंग्लिशमधली वाचतोस म्हणून वही पण अर्धी इंग्लिशमध्ये लिहीत असशील, आणि म्हणून तुझे शब्द तीन-चारच आहेत, ऑसम, सॅड, बोअरिंग. किंवा मराठीत लिहीत असशील तर शाळेचं रसग्रहण बोकांडी बसलेलं असणार, 'सदर कादंबरीत लेखकाने मैत्रीचे महत्त्व प्रभावीपणे मांडले आहे'. कवितेवरच्या प्रश्नाला ते ठीक आहे, आशयसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, मार्क मिळतात, घे. पण ते स्वतःच्या वहीत कशाला? तू दादाशी ज्या भाषेत भांडतोस त्या भाषेत लिही. आमच्याकडे एका मुलाने एका निवडलेल्या-वीराबद्दल, म्हणजे ज्याच्याबद्दल आधीच भविष्यवाणी झालेली असते त्या टाइपच्या हिरोबद्दल, लिहिलं होतं, 'हा डोक्यात जातो. सगळे याच्यासाठी मरतात आणि हा आरशात बघत बसतो.' इतकं नेमकं परीक्षण मी पेपरात सुद्धा वाचलेलं नाही.

आणि वाईट वाटण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत ते बघ जरा. थोडक्यात हुकलं की चुटपुट. स्वतःच्या हातून राहून गेलं आणि ते महिनाभर टोचत राहिलं की रुखरुख, तो आरसा म्हणजे पक्की रुखरुख. पुढे काय होईल, कारण काही सांगता येत नाही पण जीव थाऱ्यावर नाही, ती हुरहूर, चांगली फँटसी पहिल्या पन्नास पानांत हीच देते. दोन मित्रांत भांडण, दोघांचंही पटतंय, ती घालमेल. एखाद्याचं वागणं बघून आपल्यालाच कसंनुसं होणं, हे टीनएज पुस्तकांत सारखं होतं, हिरो सगळ्यांसमोर काहीतरी बोलून बसतो आणि आपण उशीत तोंड खुपसतो. तू एकदा तुझ्या वहीतले सगळे 'सॅड' काढ आणि प्रत्येकाला यातला कुठला लागतो ते बघ, मला वाटतं निम्म्या ठिकाणी तू सॅड नव्हतासच, चिडलेला होतास.

कसंनुसंवरून आठवलं, फँटसी आणि टीनएज पुस्तकं आपल्याला वेगवेगळ्या वाटेने पकडतात हे लक्षात ठेवलंस तर लिहायला सोपं जाईल. टीनएज पुस्तकं बहुतेक 'मी'ने सुरू होतात. मी उठलो, मी बोललो, मला त्याचा राग आला. मोठेपणी मागे वळून बघणारा कोणी शहाणा माणूस त्यात नसतो, पुढे सगळं ठीक होईल हे सांगणारा कोणीच नसतो, म्हणून ते इतकं अंगावर येतं. एस. ई. हिंटन नावाच्या मुलीने अमेरिकेत आपल्या शाळेतल्या श्रीमंत आणि गरीब पोरांच्या टोळ्यांवर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती १५ वर्षांची होती, १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा १८. मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत तिला आपल्यासारखी मुलं सापडत नव्हती म्हणून तिने लिहिलं, आणि त्या प्रकारच्या पुस्तकांचा रस्ता तिथून बराच मोकळा झाला. त्यामुळे असं पुस्तक वाचताना तुला जे होतं ते बऱ्याचदा 'अरे हे तर माझंच' असं असतं, किंवा उलट 'माझ्याकडे असं कधीच होणार नाही' म्हणून जळफळाट. तो जळफळाट पण लिही. अमेरिकेतल्या शाळेत प्रत्येकाला स्वतःचं लॉकर आणि स्वतःची खोली, आणि तू भांडुपला हॉलमधल्या दिवाणवर पप्पांच्या टीव्हीच्या आवाजात वाचतोयस, तर हेवा वाटणारच ना.

पप्पांच्या पळण्याच्या मुद्द्यावर पण टॉल्किनचं उत्तर आहे, त्याच भाषणात. तो म्हणतो, तुरुंगातला कैदी सुटायची धडपड करतो आणि सैन्यातला पळपुटा रण सोडून पळतो, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. आणि हे सांगणारा माणूस १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत खंदकांत राहून आलेला होता, त्याला रण माहीत होतं. पण हे पप्पांना ऐकवायच्या आधी स्वतःलाच विचार की तू यातला कोण. युनिट टेस्टच्या आदल्या रात्री तीनपर्यंत ड्रॅगन वाचत बसलास तर तिथे टॉल्किन तुझ्या मदतीला येणार नाही, मी पण येणार नाही.

वहीबद्दल शेवटचं, प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वय लिहीत जा आणि जुनं कधीही खोडू नकोस. त्या 'उघडायचं ना'वाल्या मुलीने सातवीत त्याच पुस्तकाबद्दल तिच्या डायरीत लिहिलं होतं, हॅरी नुसता ओरडत असतो, जाम इरिटेटिंग. खरंच ओरडतो तो, मोठ्या अक्षरांत छापलंय ते ओरडणं. पुढे बारावीची परीक्षा झाल्यावर तिने ते पुस्तक परत नेलं आणि डायरीत त्याच्याच खाली लिहिलं, 'वर्षभर त्याच्याशी कोणी धड बोलत नाहीये. कोणी काही सांगतच नाहीये.' पुस्तक तेच, आमचीच कॉपी, मधल्या काळात एकदा बाईंडिंग केलेली. तिने मला दोन्ही नोंदी दाखवल्या. आता सांग यातली चुकीची कुठली?

एक गोष्ट जरा गंभीरपणे. पुस्तकाने आलेलं रडू सहसा पुस्तकाभोवतीच फिरतं आणि आठवड्याभरात विरळ होतं. पण जर ते पात्र सोडून स्वतःवर यायला लागलं, म्हणजे जेवण जात नाही, झोप उडाली, पुस्तकात जे घडलं तसंच काही घरी किंवा शाळेत तुझ्याबरोबर घडतंय, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर तो वहीचा विषय राहत नाही. तेव्हा ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला सांगायचं, आई, मामा, शाळेतले कोणी सर, आणि कोणीच नसलं तर १४४१६ ला फोन करायचा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुझ्या लिहिण्यावरून मला तसं काही वाटलेलं नाही, पण तुझ्यासारखे अजून चार जण हे वाचत असतील म्हणून लिहिलं.

म्हणजे तुझं सध्याचं काम काय, तर ते रडण्याचं पान शोधायचं, आणि शेवटाचं दुखणं तिन्हीपैकी कुठलं ते बघायचं. बाकी शब्द आपोआप येतील.

आणि एक, तू ज्या मालिकेबद्दल लिहिलंयस तिचे दोन भाग माझे झालेत. तिसरा आमच्याकडे एकच आहे, तो एका मुलीने नेलाय आणि ती परीक्षेचं कारण सांगून दोन आठवडे झाले आणत नाहीये. तुझ्या प्रश्नामुळे कोणीतरी मरणार एवढं मला आता कळलंच आहे, कोण ते सांगू नकोस. पान नंबर तेवढा सांग.